‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

आमच्या महाविद्यालयात बरोबर उत्तर काढल्याबद्दल विद्यार्थ्यांना नापास करणारे एकच प्राध्यापक होते. ते पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख, आणि मी त्या विभागात नुकताच लागलेला डेमॉन्स्ट्रेटर. पुढे मी अधिव्याख्याता झालो, तरी ते मला अखेरपर्यंत ‘अहो डेमॉन्स्ट्रेटर’ अशीच हाक मारत. त्यात हेटाळणी नव्हती. नुसते सांगणाऱ्यापेक्षा करून दाखवणारा वरचा, असे त्यांचे प्रामाणिक मत होते.

नापास करण्याची हकीकत अशी. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण काढायचे असते. त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात छापलेले असते, आणि म्हणूनच प्रत्येक विद्यार्थ्याचे उत्तर तेच येते. सरांनी एका सुताराकडून मोजपट्ट्या मुद्दाम चुकीच्या आखून घेतल्या. दिसायला सरळ, पण प्रत्येक सेंटिमीटर किंचित आखूड. प्रामाणिकपणे मोजणाऱ्याचे उत्तर पुस्तकाशी जुळणे शक्यच नव्हते. त्या परीक्षेत जवळजवळ सगळ्या वर्गाचे उत्तर पुस्तकाबरहुकूम आले आणि जवळजवळ सगळा वर्ग नापास झाला. वैरागहून आलेल्या एका मुलीचे उत्तर मात्र भलतेच आले होते. ती प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहून रडत होती. सर्वांत अधिक गुण तिला मिळाले.

प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतले. कागदपत्रे घेऊन मीही सोबत होतो.

“अहो, पालक माझ्या दारात येऊन बसलेत. पोरांनी बरोबर उत्तर काढलं, हा काय गुन्हा झाला?”

“त्यांनी उत्तर काढलं नाही, साहेब. उत्तर ठाऊक होतं, त्याला जाऊन भेटले.”

“पण पट्टी तुम्हीच खोटी दिलीत ना!”

“दिली. म्हणून तर कळलं की ती कोणी वापरलीच नाही.”

प्राचार्यांनी परीक्षा पुन्हा घ्यायला लावली, खऱ्या पट्ट्यांनी. सगळे पास झाले. सर त्या दिवशी मला एवढेच म्हणाले, “आता कोणी मोजलं आणि कोणी नाही, हे कायमचं झाकलं गेलं.”

सरांचे गाव अक्कलकोटच्या पलीकडे होते. घरची भाषा कन्नड; आकडे मोजताना ओठांत ‘ऒंदु, एरडु’ चाले. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, बारा महिने. थर्मामीटर पाहण्यापूर्वी ते डोळे मिटून आपला अंदाज मोठ्याने सांगत, आणि मगच पारा वाचत. भाजीवालीलाही तसेच करायला लावत. ‘आधी हातानं सांग किती भरेल, मग तागडीत टाक,’ म्हणत. ती वैतागून म्हणे, “सर, तुमाला वांगी पायजेत का माझी परीक्षा?” उत्तरपत्रिका तपासताना ते नावावर कागद चिकटवत, हे समजण्यासारखे होते; पण मुलाखतीला आलेल्या उमेदवाराकडे ते पाठ करून बसत, याचा मात्र फार बोभाटा झाला. “मन आधी ठरवतं,” ते म्हणत, “डोळे फक्त त्याची री ओढतात.”

ही शिकवण त्यांना फुकट मिळाली नव्हती. तरुणपणी ते परगावच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत संशोधन करत होते. तिथे प्रकाशाचा वर्णपट टिपलेल्या एका छायाचित्रपट्टीवर त्यांना एक नवी फिकट रेषा दिसली. ती असावी असे त्यांच्या गुरुजींचे भाकीत होते. त्यांनी ती मोजली, लेख लिहिला, कौतुक झाले. पुढे दुसऱ्या कोणी तीच पट्टी पाहिली, तर तिथे रेषा नव्हतीच. खोटेपणा कोणीच केला नव्हता. “मला ती खरोखर दिसली होती हो,” हे वाक्य त्यांनी मला एकदाच सांगितले, आणि सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते. त्यानंतर ते सोलापूरला आले आणि त्यांनी पुष्कळ वर्षे काहीही मोजले नाही.

एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या मध्याला, निवृत्ती दिसू लागली तेव्हा, त्यांनी पुन्हा एक मोजमाप हाती घेतले. ते काय होते हे वाचकांना नीट सांगितले पाहिजे. नाहीतर पुढे जे झाले त्याचे मोल कळणार नाही.

पदार्थाच्या मूलकणांना वस्तुमान कशामुळे मिळते, याची एक उपपत्ती त्या काळी नवी होती. तिच्यात हिग्ज नावाचा एक कण गृहीत धरलेला होता. तो तोवर कोणालाही सापडलेला नव्हता. त्यात काही शास्त्रज्ञांनी पुढचा प्रश्न विचारला: असा कण एकच का? एकाहून अधिक असतील, तर त्यांतला एखादा विद्युतभारित असेल. आणि तसा असेल, तर तो दुसऱ्या एका कणाच्या मरणात लुडबुड करील. हा दुसरा कण म्हणजे म्यूऑन. आकाशातून म्यूऑनांची झड अहोरात्र आपल्यावर पडत असते. त्यांतला एखादा द्रवात अडकून थांबला की क्षणाच्या लक्षांशात फुटतो आणि त्यातून एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. कधी वेगाने, कधी मंद. नेहमीच्या नियमाने वेगवान किती आणि मंद किती, याचे प्रमाण ठरलेले आहे. दुसरा हिग्ज मध्ये हात घालत असेल, तर मंद इलेक्ट्रॉनांचे प्रमाण किंचित बदलेल.

सर हे असे समजावीत: “एखाद्या घरात चटणी एकच बाई कुटते, असं सगळे म्हणतात. आपल्याला त्या घरात शिरता येत नाही. पण रोज त्यांची चटणी खाल्ली आणि तिखटाचा हिशेब ठेवला, तर कुटणारा हात एक की दोन, हे बाहेर बसून सांगता येईल.”

त्यासाठी त्यांनी विभागाच्या मागच्या खोलीत एक पिंप उभे केले. आत चुन्यासारखा पांढरा रंग, त्यात कण गेल्यावर चमकणारा द्रव. त्याचा उग्र वास वऱ्हांडाभर पसरे. वर प्रकाशाची सूक्ष्म चमक टिपणारी काचेची नळी. ती त्यांच्या एका जुन्या सहाध्याय्याने मुंबईहून उसनी पाठवली होती. शेजारी दोन मोजणीयंत्रे. मंद इलेक्ट्रॉन आला की डावे ‘खट्’ करी, वेगवान आला की उजवे. मंद आणि वेगवान यांच्यामधली रेघ कुठे मारायची, ते एका बटणाने ठरे. रेडिओच्या बटणासारखेच बटण, खाली आकड्यांची तबकडी.

आमची सामग्री ओबडधोबड होती. दुसरा हिग्ज असलाच, तरी तो आमच्या पिंपात दिसण्याची आशा जवळजवळ नव्हती. मी तसे बोलून दाखवले.

“सापडणार नाहीच,” सर शांतपणे म्हणाले. “सापडावा म्हणून बसलोच नाही मी. ‘या पिंपातून पाहिलं; एवढा मोठा परिणाम करणारा तो नाही,’ एवढं एक वाक्य मला लिहायचं आहे. जगभर लोक कुंपणाचे खांब रोवत चाललेत. कोणी कुठे, कोणी कुठे. एक खांब आपला. मी आयुष्यात एकदा चुकीचं ‘आहे’ म्हटलेलं आहे, डेमॉन्स्ट्रेटर. जाण्यापूर्वी एक बरोबर ‘नाही’ म्हणायचं आहे.”

आणि या ‘नाही’वर आपल्या मनाची सावली पडू नये, म्हणून त्यांनी ते बटण स्वतः लावायचेच नाही असे ठरवले. ते काम अंबादासकडे गेले.

अंबादासचे साखर पेठेत रेडिओ-दुरुस्तीचे दुकान होते. घरात सगळे विणकर, तेलुगू बोलणारे. हा एकटाच वायरींत रमलेला. सरांची मोजणीयंत्रे त्यानेच जुळवून दिली होती. सरांनी त्याला सांगितले, “तबकडीवर या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेही बटण लाव. कुठे, ते मला सांगू नकोस, कोणालाच सांगू नकोस. वरून पत्र्याचा डबा घाल आणि झाळून टाक.” त्याने तसे केले. आता रोज खटखट मोजता येत होती. पण रेघ कुठे आहे हे ठाऊक नसल्यामुळे उत्तर कोणत्या बाजूला चालले आहे, याचा अंदाज बांधणे अशक्य होते. सरांना हवे होते ते हेच.

अंबादास चौकस माणूस. दर आठवड्याला येऊन पिंपापाशी उभा राही.

“सर, ह्या डब्यात मी काय कोंडलोय, ते तरी सांगा की.”

सरांना विचारलेला प्रश्न अनुत्तरित सोडता येत नसे. ते त्याला खडूने फळ्यावर आलेख काढून सगळे समजावून सांगत: रेघ वर असेल तर तिच्याखाली मंद इलेक्ट्रॉन अधिक मोजले जाणार, यात नवल नाही, पण रेघ खाली असूनही तेवढेच मोजले गेले, तर मात्र कोणी तरी जास्तीचे घालते आहे असे समजायचे. अंबादास मान डोलवी. मला वाटते, सरांना आयुष्यात इतका मन लावून ऐकणारा दुसरा विद्यार्थी लाभला नसेल.

हे दोन वर्षे चालले. वीज गेली की सर त्या संपूर्ण दिवसाची मोजणी टाकून देत. त्या काळात वीज वारंवार जाई. प्राध्यापकांच्या खोलीत त्यांची यथेच्छ थट्टा चाले.

“काय सर, कुठवर आला तुमचा दुसरा हिग्ज?”

“केमच्या स्टेशनावर उभा असेल. गाडी लेट असणार!”

“नाही हो, कुर्डुवाडीला उतरून चहा पीत बसला असेल.”

सर हसत नसत आणि रागावतही नसत. अंबादास एखादे वेळी स्पीकर दुरुस्त करायला त्या खोलीत असे. त्याच्या चेहऱ्याकडे तेव्हा कोणी पाहिले नाही.

मोजणी संपली तो उन्हाळा होता. इथे सरांचा आणखी एक नियम आड आला. त्यांच्या मते उत्तर पाहण्यापूर्वी यंत्र मोडले पाहिजे. यंत्र उभे असले, की मनाजोगे उत्तर नसल्यास माणूस म्हणतो, ‘आणखी थोडे मोजू,’ आणि मनाजोगे आले की थांबतो. म्हणून त्यांनी आधी पिंप रिकामे केले, द्रव टाकून दिला, उसनी नळी भुशात बांधून रेल्वे-पार्सलने मुंबईला परत पाठवली. तिथे दुसरे कोणी तरी तिची वाटच पाहत होते; ती लगेच त्यांच्या कामाला लागली. उघडण्याचा दिवस पुढच्या सोमवारचा ठरला. तोवर बटणासकट झाळलेला डबा कोणाकडे ठेवायचा?

“माझ्याकडे नको,” सर म्हणाले. “मला मोह होईल. अंबादासकडे राहू दे.”

साऱ्या जगात त्यांचा अविश्वास एकाच माणसावर होता, आणि तो माणूस म्हणजे ते स्वतः.

सोमवारी अंबादासने आमच्यासमोर डबा उघडला. सरांनी तबकडीवरचा आकडा वाचला आणि गणित केले. मग मला म्हणाले, “तुम्ही करा.” मी वेगळ्या रीतीने केले. उत्तर तेच. रेघ बरीच खाली होती, आणि तिच्याखाली मोजलेले मंद इलेक्ट्रॉन नियमापेक्षा पुष्कळ अधिक होते. कुटणारे हात दोन होते.

अंबादास दाराशी उभा होता. “झालं का सर, मनासारखं?”

सरांनी माझा कागद आपल्या कागदाशेजारी ठेवला. दारामागे शिपाई होता. अर्ध्या तासात बातमी प्राचार्यांकडे पोचली आणि ते स्वतः पेढे घेऊन आले. सरांनी पेढा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. प्राचार्य गेल्यावर ते म्हणाले, “फार मोठं आहे हे. इतकं मोठं असतं, तर कोणाला ना कोणाला केव्हाच दिसलं असतं.” दोन दिवस त्यांनी सगळे आकडे पुन्हा तपासले. चूक सापडेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी डब्याचा पत्रा हातात घेतला आणि बराच वेळ उजेडात फिरवला. झाळलेल्या कडेवर जुन्या काळपट कथलावर नवे, चकचकीत कथील बसले होते.

आम्ही साखर पेठेत गेलो. सरांनी त्याला आवाज चढवून विचारले नाही.

“अंबादास, डबा आधी उघडला होतास?”

तो आधी हसला. मग सरांचा चेहरा पाहून थांबला.

“व्हय सर. जरासं फिरवलोय. लई न्हाय.”

“का?”

“तुमी दोन वरसं राबलाव, सर. आन् ती सगळी मास्तरं हसालेत. कुर्डुवाडी म्हणे, केम म्हणे. माझ्यानं ऐकवंना.” त्याने हातातला पेचकस खाली ठेवला. “खाली आणलं की तुमचं जमतंय, हे तुमीच शिकवलाव की. फळ्यावर.”

“मला ‘नाही’ हवं होतं,” सर म्हणाले.

“न्हाय पायजे हुतं?” अंबादासला ते समजलेच नाही. “न्हाय म्हणायला कोण दोन वरसं बसतंय, सर?”

त्याला ते समजायला वेळ लागला. समजले तेव्हा त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. सोमवारी डबा उघडल्यावर बटण आणि तबकडी तो दुकानात परत घेऊन आला होता; ती त्याने लगबगीने फळीवरून काढून आणली. “मी परत जागेवर आणतो की! आत्ता आणतो. लई फिरवलंच न्हाय मी.”

“जागा कुठली?”

अंबादासने बटणाकडे हात नेला. बोटे बटणाच्या वर, टेकायच्या बेतात थांबली. ती तशीच राहिली. समोरच्या घरातले माग चालू होते. तो आवाज एवढ्या मोठ्याने येत असतो हे मला त्या दिवसापर्यंत जाणवले नव्हते. मग त्याने हात मागे घेतला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकले.

“रडू नकोस,” सर म्हणाले. “चहा सांग. तिघांना.”

परतताना मी एक उपाय सुचवला. अंक तर शाबूत होते. दुसरा हिग्ज नाही असे धरून उलटे गणित केले, तर बटण मुळात कुठे असले पाहिजे ते निघाले असते. तो आकडा अंबादासला दाखवावा. त्याला कदाचित आठवेल.

सर सायकल हातात धरून चालत होते. ते थांबले.

“जे तपासायचं तेच गृहीत धरायचं? मग ती पोरं काय वेगळं करत होती? आणि त्याला आकडा दाखवला, की त्याला तोच आठवेल, डेमॉन्स्ट्रेटर. मला बरं वाटावं म्हणून त्याला अगदी खरोखर आठवेल.”

पुन्हा मोजायचे म्हटले, तर नळी गेलेली, द्रव गटारात, ती खोली टंकलेखनाच्या वर्गाला दिलेली, आणि नोकरी संपायला थोडे आठवडे. मुंबईच्या सहाध्याय्याने कळवले, की नळी आता मिळण्यासारखी नाही.

सरांनी प्राचार्यांना जाऊन सगळे सांगितले. अंबादासचे नाव तेवढे घेतले नाही. डब्याला कोणाचा तरी हात लागला, एवढेच म्हणाले.

“म्हणजे तो कण सापडला नाही, एवढंच ना?” प्राचार्य म्हणाले.

“तसंही म्हणता येत नाही.”

“अहो, एक तर आहे, नाहीतर नाही! मधलं काय असतं?”

“मधलं मी आहे, साहेब. मला दोन्हींपैकी काहीही म्हणण्याचा अधिकार उरलेला नाही.”

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. ते खुर्चीतून उठून सरांच्या जवळ आले. “गावाला आनंद झालाय. माळशिरसपासून माजी विद्यार्थ्यांची पत्रं आलीत. तुम्ही महिनाभरात निवृत्त होणार. कशाला आता हे?”

निरोपसमारंभ महाविद्यालयाच्या सभागृहात झाला. ध्वनिक्षेपक अंबादासने आणला होता. भाडे घ्यायचे त्याने साफ नाकारले होते आणि तो एका बाजूला आपल्या यंत्रापाशी उकिडवा बसला होता. प्राचार्यांनी भाषणात सांगितले, की या सोलापुरात, एका साध्या पिंपातून, जगाला न दिसलेला कण आमच्या सरांनी पाहिला. विभागातर्फे मी बोललो आणि वस्तुस्थिती सांगितली: मोजणी रद्द झाली आहे, तिच्यातून कोणताही निष्कर्ष निघत नाही. मागून कोणी तरी म्हणाले, “जळतोय बघा.” हशा पिकला.

मग शाल, श्रीफळ. एवढ्या उकाड्यात ती शाल पांघरूनच सर बोलायला उभे राहिले.

“मला काहीही सापडलेले नाही,” ते म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर थांबले. टाळ्या ओसरल्यावर म्हणाले, “कृपा करा. हा विनय नाही. ते मोजमाप बिघडलेले आहे.”

टाळ्या पुन्हा वाढल्या. पहिल्या रांगेतल्या एका वृद्ध गृहस्थांनी डोळे पुसले. सरांनी सभागृहावरून नजर फिरवली. फळ्यावर काही लिहून झाल्यावर वर्गातल्या एकाला तरी ते कळले का, हे ते असेच पाहत. मग त्यांनी ओठ ध्वनिक्षेपकाच्या अगदी जवळ नेले.

“तो कण आहे की नाही,” ते सावकाश म्हणाले, “हे मला माहीत नाही.”

सरांचा आवाज लोकांना ऐकू जात नसावा, असे अंबादासला वाटले असणार. त्याने घाईघाईने तो वाढवला. ‘माहीत नाही’ हे शब्द अगदी शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट गेले, आणि शेवटची रांग उभी राहून टाळ्या वाजवू लागली.